तोआनला बोलावणारा ढोल

मित्रांनो, बेन दाऊ गावच्या देवळात कधी आलात, तर डाव्या कोपऱ्यात, उत्सवाच्या मोडक्या पालखीमागे तुम्हाला एक मोठा लाल ढोल उभा दिसेल. तो मी. गावातली मुले मला मुका म्हणतात. मी मुका नाही. माझे कातडे अजून शाबूत आहे, पोटही कुठे तडकलेले नाही. मला कोणी वाजवत नाही, एवढेच. का वाजवत नाहीत, ते सांगायचे तर तोआनची गोष्ट सांगावी लागेल. तोआन आमच्या गावचा मुलगा. तो आज समुद्रापलीकडे, फ्रान्समधल्या एका टेकडीवर मातीखाली आहे.

माझा जन्म याच देवळाच्या अंगणात झाला. नदीच्या वरच्या अंगाकडून ढोल बनवणारे कारागीर नावेतून आले आणि हिवाळाभर इथेच राहिले. फणसाच्या जुन्या खोडाच्या फळ्या त्यांनी तासल्या, वाकवल्या आणि एकमेकींत बसवल्या. मग माझ्या तोंडावर रेड्याचे कातडे चढवले. कातडे ताणायचे म्हणजे त्यावर माणसांनी उभे राहून नाचायचे असते. मोठी माणसे नाचून दमली तेव्हा मुलांची पाळी आली. तोआनच्या वडिलांनी त्याला उचलून माझ्यावर ठेवले. तो इतका लहान होता की त्याचे वजन मला जाणवलेसुद्धा नाही. पण तो उतरायला तयार होईना.

"उतर आता, ढोल फाटेल," वडील म्हणाले.

"फाटू दे की. तुमचं कातडं लावू," म्हातारा कारागीर म्हणाला, आणि अंगणातले सगळे हसले.

आमचे देऊळ नदीच्या बांधाला लागून आहे. देऊळ आणि गावाची चावडी एकाच छपराखाली. दारातून पाहिले तर समोर भिंतीसारखा बांध दिसतो. पावसाळ्यात बांधापलीकडे लाल नदी गावातल्या छपरांपेक्षाही उंचावरून वाहते. म्हणून आमच्या गावात ढोलाला फार मान होता. मी संथ वाजलो की लोक सभेला यायचे. सणाच्या दिवशी माझा ठेका वेगळा असायचा. पण मी न थांबता घाईघाईने वाजू लागलो, तर त्याचा अर्थ एकच. बांधाला धोका आहे, असाल तसे या. मग कोणी हातातले काम पुरे करत बसत नसे.

मला वाजवायचे काम दिएपआजोबांचे. ते देवळाचे सेवेकरी. बायको-मुले नसलेला हा म्हातारा देवळाच्या बाजूच्या खोलीत राहायचा, धूप लावायचा, अंगण झाडायचा, आणि पावसाळ्याआधी माझ्या कातड्याला तेल लावायचा.

तोआन लहान असतानाच एका पावसाळ्यात तुतीच्या वळणावर बांधाला पाझर लागला. मी वाजलो. तोआनचे वडील पेंढ्याचे भारे घेऊन पाझराच्या तोंडाशी उतरले, आणि वरची माती त्यांच्यावर घसरली. त्यांना उकरून काढायला पुरेसे हात वेळेवर पोचले नाहीत. बांध वाचला, ते वाचले नाहीत.

त्यानंतर ढोल वाजला की सगळ्यांच्या आधी बांधावर तोआन असायचा. कोणी त्याला तसे सांगितले नव्हते. त्याची आई लुआ रेशमाचे किडे पाळायची. घरात किड्यांच्या परड्या, दारात तुतीच्या पाल्याचे ढीग, आणि ढिगाला टेकवलेले तोआनचे फावडे. मोकळा वेळ मिळाला की तो देवळात यायचा. दिएपआजोबांनी त्याच्या हातात काठ्या दिल्या आणि मला वाजवायला शिकवले.

"आजोबा, तुमच्यानंतर मीच वाजवणार," तो म्हणायचा.

"माझ्यानंतर कशाला? आत्ताच घे. अंगण पण तूच झाड," आजोबा म्हणायचे.

तो खरेच झाडायचा. तोआन हसरा नव्हता फारसा. पण त्याच्या हातात ताल होता, आणि तो मला कधी उगीच जोरात मारत नसे. मित्रांनो, ढोलाला हे कळते.

मग दूरच्या देशात मोठे युद्ध सुरू झाल्याची बातमी आली. आमच्यावर तेव्हा फ्रेंचांचे राज्य होते. गावचे कारभारी होते थिन्ह. एका संध्याकाळी त्यांनी सभा बोलावली.

"सरकारला माणसं हवीत," ते म्हणाले. "जो जाईल त्याला पगार, बूट, कपडे. परत आला की गावाच्या पंक्तीत वरचं पान."

लुआ पान चघळत खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "एवढं सगळं मिळतंय तर तुमच्या पोराला, हाओला पाठवा ना, कारभारी. पंक्तीत तुमच्याच शेजारी बसेल."

सभा हसली. कारभारीही हसले. "लुआ, तुझी जीभ तुझ्या रेशमाच्या धाग्यापेक्षा लांब आहे."

"धाग्याला तुम्ही भाव पाडून मागता. जीभ फुकट आहे," लुआ म्हणाली.

त्या सभेत कोणीही नाव दिले नाही. पुढच्या सभेतही दिले नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाहून कारभाऱ्यांना सारखी बोलावणी येऊ लागली. माणसे मिळाली नाहीत, तर त्यांची खुर्ची जाणार होती आणि हाओलाही जावे लागणार होते. हे तेव्हा आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते.

लिच्या पिकण्याचे दिवस होते. नदी भरली होती, पण शांत होती. भर दुपारी, घरोघर जेवणे चालू असताना, कारभारी धावत देवळात आले. त्यांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"आजोबा, तुतीच्या वळणावर पाझर लागलाय. वाजवा लवकर."

दिएपआजोबांनी काठ्या उचलल्या. त्यांनी मला असे वाजवले, जसे त्या दुर्दैवी वर्षी वाजवले होते. मीही पोटातला सगळा आवाज बाहेर काढला. तुतीच्या वळणावर कोण मेले होते, ते मला ठाऊक होते. या वेळी हात कमी पडायला नकोत, एवढेच माझ्या मनात होते.

दारातून मला तोआन दिसला. तोंडातला घास अजून गिळलेला नव्हता. खांद्यावर फावडे. त्याच्या मागे होआच आणि आणखी काही तरुण. हे नेहमीचे, आधी पोचणारे. ते बांध चढून वर गेले, आणि बांधाच्या पलीकडच्या उतारावर दबा धरून बसलेले शिपाई उठले. तिथे नावा बांधून ठेवल्या होत्या.

तोआनला कळेचना. दोघांनी त्याचे दंड धरले होते, तरी तो वाकून बांधाच्या मातीकडेच बघत होता.

"पाझर कुठाय, कारभारी?" मागोमाग वर आलेल्या थिन्हना त्याने विचारले.

"पाझर नाही रे. सरकारचं बोलावणं आहे," कारभारी म्हणाले.

मागून येणाऱ्यांनी शिपाई पाहिले आणि ते अर्ध्या वाटेवरून पळाले. जे सावकाश उठले, ज्यांनी आधी हात धुतले, शेजाऱ्याला काय झाले म्हणून विचारले, ते वाचले. जे पहिल्या ठोक्याला धावले, ते गेले. नावेत बसवताना तोआनने एकदा वळून देवळाच्या दाराकडे पाहिले. दारात दिएपआजोबा उभे होते, हातात काठ्या तशाच. त्यांच्या मागे मी.

दिएपआजोबा कारभाऱ्यांपुढे जाऊन उभे राहिले.

"तुम्ही ढोल वाजवलात, तुमचं काम झालं," कारभारी त्यांना म्हणाले. "आता जा, पडा जरा."

तोवर लुआ आली होती. तिच्यामागे इतर आया आल्या, गाव जमले. जमाव कारभाऱ्यांना सरकू देईना. तेव्हा ते देवळात आले, माझ्याजवळ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "लढाई संपली की एकेकाला त्याच्या दारात आणून उभा करीन. लुआ, तुझ्या पोराला मी स्वतः हाताला धरून आणीन. गावदेवासमोर बोलतोय." आणि त्यांनी तळहाताने माझ्यावर एक थाप मारली. आमच्याकडे शपथ अशीच घेतात. अशा रीतीने त्यांनी मला एका दिवसात दोनदा खोटे बोलायला लावले.

त्या दिवसापासून दिएपआजोबा रोज लुआच्या दाराबाहेर जाऊन बसायचे. ती त्यांना घरात बोलवत नसे. पान देत नसे. आमच्या भागात दारी आलेल्याला पान न देणे म्हणजे त्याच्याशी संबंध तोडणे. आजोबा थोडा वेळ बसायचे आणि उठून यायचे. देवळात आले की माझ्याकडे पाठ करून झोपायचे.

युद्ध संपल्याची बातमी आली. वर्ष गेले. मग एका सकाळी होआच परत आला. तो एका पायाने लंगडत होता. कारभारी त्याचा हात धरून आले नाहीत. तो बाजाराच्या नावेतून एकटाच आला, आणि आईला भेटून सरळ देवळात येऊन बसला. लोकांनी लुआला बोलावले. दिएपआजोबा माझ्या आडोशाला उभे होते.

"लुआकाकू, तोआन नाही राहिला," होआच म्हणाला.

लुआ खाली बसली. "कसा?"

"खंदकात होतो आम्ही. खंदक म्हणजे जमिनीत खणलेली वाट. तोफेचा गोळा पडला आणि पलीकडची भिंत माणसांवर ढासळली. ती माणसं आत ओरडत होती. आमची नव्हती, त्यांची भाषापण आम्हाला कळत नव्हती. आम्ही सगळे डोकं खाली घालून पडलो होतो. तोआन फावडं घेऊन धावला. दोघांना त्यानं बाहेर काढलं. तिसऱ्याला काढताना दुसरा गोळा पडला."

मग लुआने विचारले, "पुरला कुठं?"

"टेकडीवर. खाली द्राक्षांचे मळे आहेत. माती पांढरी आहे काकू, चुन्यासारखी. आपल्यासारखी हाताला चिकटत नाही. लाकडाची खूण लावलीय. नाव लिहिलंय, पण चुकीचं. मी त्यांना सांगितलं, त्यांना कळलं नाही."

मग होआच दिएपआजोबांकडे वळला. "आजोबा, एक विचारायचं होतं. जहाजावर तोआन मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायचा. आजोबांना ठाऊक होतं का रे, म्हणायचा."

आजोबा माझ्या आडोशातून पुढे आले. "नव्हतं," ते म्हणाले. "पाझर आहे असंच सांगितलं मला."

"मी त्याला तेच म्हणायचो. आजोबा असं कसं करतील? तो मान डोलवायचा. पण त्याला पटलं होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही."

मित्रांनो, मी लाकडाचा आहे. पण त्या वाक्याचा घाव अजून माझ्या फळ्यांत आहे. आपल्या माणसाने आपल्याला विकले, असे मनात घेऊनच तो गेला की काय? हे आता कोणाला विचारायचे?

लुआ उठली. जाता जाता ती दिएपआजोबांपाशी थांबली. कमरेच्या चंचीतून तिने एक पान काढले, त्याला चुना लावला, सुपारीचे खांड ठेवले आणि त्यांच्या हातात दिले. आजोबांनी ते पान खाल्ले नाही. मुठीत धरून ते तिथेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी लुआ कारभाऱ्यांच्या दारात गेली. ते दार देवळाला लागूनच आहे, त्यामुळे मी सगळे ऐकले.

"शपथ घेतली होती तुम्ही," ती म्हणाली. "पोरगा नाही, तर त्याची हाडं तरी आणा."

"ते माझ्या हातात नाही, लुआ."

"माझा पोरगा द्यायला हात होते की तुमचे."

कारभाऱ्यांनी दार लावून घेतले. पण थोड्याच दिवसांनी ते स्वतः तिच्याकडे गेले. जिल्ह्याचे साहेब गावात येणार होते. तोआनच्या नावाची लाकडी पाटी देवळात लागणार होती. त्याच दिवशी तोआनचे विधी गावाच्या खर्चाने होतील, असे ते म्हणाले.

ज्याचा देह परत येत नाही, त्याची आमच्याकडे वाऱ्याची कबर बांधतात. तुतीच्या फांद्यांची हाडे करायची आणि मातीने अंग घडवायचे. लुआने आपल्याच बागेतल्या फांद्या कापल्या. नदीकाठची माती दिएपआजोबांनी आणली. दोघांनी मिळून देवळाच्या अंगणात तोआन घडवला. लुआ हाताने मोजून खांदे रुंद करत होती. "एवढाच होता ना?" ती विचारायची. "थोडा आणखी," आजोबा म्हणायचे.

विधीच्या दिवशी साहेब आले. खुर्च्या मांडल्या गेल्या. पाटीवरचे कापड बाजूला केले. सोनेरी अक्षरांत लिहिले होते, 'बेन दाऊ गावचा वीर तोआन, स्वखुशीने युद्धावर गेला.' होआचने ते मोठ्याने वाचले. लुआला वाचता येत नव्हते. तिने त्याला पुन्हा वाचायला लावले.

कारभाऱ्यांनी खूण केली. त्यांच्या एका माणसाने काठ्या उचलल्या. मला वाटले, निदान आज तरी मला तोआनसाठी खरे वाजता येईल. मी किती वाट पाहिली होती त्याची. काठी वर गेली, आणि लुआ मध्ये आली. तिने दोन्ही तळहात माझ्या कातड्यावर ठेवले.

"हा वाजायचा नाही," ती म्हणाली.

"लुआ, साहेब बसलेत. बाजूला हो," कारभारी दबक्या आवाजात म्हणाले.

"बसू देत. हा वाजला तर माझा पोरगा धावत येईल. मेलाय तरी येईल. तोंडातला घास टाकून येईल, आणि परत फसेल. त्या दिवशी हा वाजला तेव्हा तुमचा हाओ ओट्यावर बसून लिच्या सोलत होता. सगळ्या गावानं पाहिलंय. तो उठला नाही, कारण त्याला तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. स्वखुशीनं गेला म्हणे. त्याला विचारलं कुणी?"

गाव खाली बघत होते. साहेबांनी आपल्या भाषेत काहीतरी विचारले. ही बाई काय म्हणते, असे असावे.

"आई आहे, साहेब," कारभारी म्हणाले. "रडतेय."

ती रडत नव्हती. तिचे तळहात कोरडे होते, मला ते जाणवत होते.

तोआनची वाऱ्याची कबर ढोलाशिवाय झाली. होआच आणि दिएपआजोबांनी मातीचा तो देह खांद्यावर घेतला आणि तुतीच्या बागेत, त्याच्या वडिलांशेजारी ठेवला. मी इथे होतो. माझा आवाज तिला नको होता, आणि मला तिचा राग येत नाही. ज्या आवाजाने तिचे मूल ओढून नेले, तो तिने पुन्हा कसा ऐकावा?

त्यानंतर काही वर्षांनी नदी खरीच चढली. पहाटेच्या उजेडात दिएपआजोबांनी बांधातून गढूळ पाणी येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ते खूप थकले होते. तरी त्यांनी काठ्या उचलल्या आणि मला वाजवले. लोक दारात आले. आले आणि उभे राहिले. आयांनी मुलांचे दंड घट्ट धरले. बायकांनी नवऱ्यांना मागे ओढले. सगळे गाव उंबरठ्यावर उभे राहून माझा आवाज ऐकत होते, आणि एकही पाऊल पुढे पडत नव्हते. आजोबांचे हात गळून गेले. मी ओरडत होतो, खरे आहे, या वेळी खरे आहे. पण ढोलाला एकच आवाज असतो. खोट्यालाही तोच आणि खऱ्यालाही तोच.

शेवटी लुआ आली. तोआनचे फावडे घेऊन ती बांध चढली, पाणी पाहिले आणि तशीच खाली धावली. तिने दारोदारी जाऊन सांगितले. तिच्यावर लोकांनी विश्वास ठेवला. पण तोवर उशीर झाला होता. माणसे उंचावर पोचली, जीव वाचले. बांध मात्र तुतीच्या वळणावर फुटला. शेते गेली, बाग गेली, आणि बागेत शेजारी शेजारी असलेल्या बापलेकांच्या कबरीही गेल्या. तोआन पुन्हा एकदा हरवला.

पाणी ओसरल्यावर गावाने ठरवले की या ढोलावर यापुढे भरवसा ठेवायचा नाही. पितळेची नवी घंटा आली आणि मी कोपऱ्यात गेलो. दिएपआजोबा त्याच थंडीत वारले. लुआ बरीच वर्षे जगली. तिने पुन्हा तुती लावली, पण कबर पुन्हा बांधली नाही. थिन्ह कारभारी म्हातारे होऊन आपल्या अंथरुणात मेले. पंक्तीत त्यांचे वरचे पान शेवटपर्यंत राहिले.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे तक्रार नाही. मला पुसा, तेल लावा, असेही मी म्हणणार नाही. मागणे आहे ते वेगळेच. तुमच्यातही कोणीतरी असेल, जो हाक मारताच सगळ्यांच्या आधी धावतो. त्याला जपा. तो येतोच म्हणून त्याला उगीच हाक मारू नका, आणि दुसऱ्या कोणी मारली तर गप्प उभे राहू नका.

आणि या देवळात आलात तर भिंतीवरची पाटी बघा. सोनेरी रंग उडाला आहे, वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण 'स्वखुशीने' हा शब्द अजून स्वच्छ वाचता येतो. पाहुणे तो मोठ्याने वाचतात आणि मान डोलावतात. तेव्हा तुम्ही त्यांना सांगा, की तो जेवता जेवता उठला होता. त्याला वाटले होते, बांध फुटतोय.